आधी अर्थिंग

पार्सल उघडून सगळं सामान मी बैठकीतल्या सतरंजीवर मांडलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं ते हे, की यातलं काहीतरी यायचं राहिलंय. करंगळीएवढ्या जाडीच्या, घडी होणाऱ्या काही काठ्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या सुतळीची रिळं. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं तर त्या सुतळीत केसासारखे बारीक स्टीलचे धागे विणलेले. एक लोखंडी खुंटी. आणि दोन जाड सेलवर चालणारी, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. सगळ्याचं मिळून वजन दोन किलोच्या आत. हे घेऊन आम्ही जाणार होतो अलास्कातल्या कॅटमाय नॅशनल पार्कमध्ये. तिथे सुमारे २,२०० तपकिरी अस्वलं राहतात आणि समुद्राजवळच्या या भागातला पुरा वाढलेला नर चारशे किलोच्या घरात जातो. तो नर आणि ही सुतळी, यांचा मेळ मला काही केल्या बसेना.

मी सिॲटलला राहते. डोंगरात दिवसभर चालून संध्याकाळी घरी परतणं मला नवं नव्हतं, पण अस्वलांच्या मुलखात रात्र कधी काढली नव्हती. नवऱ्याच्या ऑफिसातली एक मैत्रीण अलास्कात लहानाची मोठी झालेली. तिच्यासोबत आम्ही दोघं ऑगस्टच्या शेवटी निघणार होतो. तिनं दिलेल्या यादीत हे विजेचं कुंपण सगळ्यात वर होतं. मी तिला विचारलं, की मिरचीचा स्प्रे तर बरोबर आहेच, मग कुंपण कशाला? ती म्हणाली, स्प्रे जाग्या माणसासाठी असतो, झोपलेल्या माणसासाठी नाही. अलास्कातल्या स्प्रेच्या वापरावर स्मिथ, हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अभ्यास प्रसिद्ध केला. तपकिरी अस्वलांच्या शंभरातल्या ९२ प्रसंगांत स्प्रेमुळे अस्वल थांबलं, असं त्यात आढळलं. पण प्रत्येक वेळी तो डबा कुणीतरी हातात धरून, डोळे उघडे ठेवून दाबलेला होता. रात्री दोन वाजता तंबूत गाढ झोपलेल्या मला त्याचा काय उपयोग?

निघण्याआधी कुंपण एकदा घरी लावून बघ, असं तिनं बजावलं होतं. एका संध्याकाळी मी परसातल्या हिरवळीवर काठ्या रोवल्या, तीन पदरी तार ओढली, खुंटी ठोकली, मशीन जोडलं. टिक्, टिक्, टिक्, साधारण सेकंदाला एक असा आवाज यायला लागला. तारेला मीटर लावलं. पुस्तिकेत लिहिलं होतं की आकडा पाच हजार व्होल्टच्या वर दिसला पाहिजे. मला दिसला २,१००. सेल बदलले, गाठी सोडून पुन्हा बांधल्या. २,१००. मशीनच खराब आलंय अशी माझी खात्री झाली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी ते उघडायला बसले.

तेवढ्यात बाबांची आठवण झाली. आमचं शेत बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यापासून फार लांब नाही. रानडुकरं आणि रोही मका, हरभरा उभा खातात, म्हणून बाबांनी काही वर्षांपूर्वी धुऱ्यावर सोलरचं झटका मशीन बसवलं. माझ्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे साडेसात. व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंपणाभोवती फिरवला.

“बाबा, मशीन खराब निघालं वाटतं. आकडाच चढत नाही.”

त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं. “मशीन कायले उघडतं, माय? आधी अर्थिंग पाय. तुह्या खुंटीजवळची जमीन तं ठणठणीत सुकी दिसते.”

“पण तारेत करंट जातोय ना?”

“जातो, पण त्याले वापस याले रस्ता पायजे का नाही? बादलीभर पाणी टाक तिथं.”

सिॲटलचा पाऊस सगळ्यांना ठाऊक असतो, पण ऑगस्टमध्ये तिथली हिरवळ वाळून पिवळी पडते. मी खुंटी हातभर बाजूला घेतली, नीट खोल ठोकली आणि बादली ओतली. मीटर ५,९०० वर गेलं.

इतकी वर्षं बाबांच्या शेतात ते मशीन पाहत आले, पण ते कसं चालतं हे मला त्या दिवशी कळलं. जनावर तारेला शिवतं तेव्हा करंट तारेतून त्याच्या अंगात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून खुंटीवाटे पुन्हा मशीनमध्ये येतो. हे वर्तुळ पुरं झालं तरच झटका बसतो. माझी सगळी भिस्त तारेवर होती, पण वर्तुळाचा अर्धा भाग जमीन असते. ती कोरडी असली की हजारो व्होल्टची तार नुसती सुतळी होऊन राहते.

मग बाबांनी एक हिरवी गवताची काडी घ्यायला सांगितली. टोक तारेवर ठेवायचं आणि काडी हळूहळू पुढे सरकवत बोटं तारेजवळ आणायची. वीतभर अंतरावर बोटांत मुंग्या आल्यासारखं झालं. आणखी चार बोटं पुढे गेले तर मनगटात कुणी टिचकी मारल्यासारखं, दर सेकंदाला एक. तिथेच मी काडी टाकली. बाबा म्हणाले, “आता समजलं जनावराले काय समजते ते.”

ही टिचकी जोरात बसते, पण जीव घेत नाही. दोन सेल मिळून जेमतेम तीन व्होल्ट. मशीन ती वीज साठवतं, तिचा दाब वाढवतं आणि पाच-सहा हजार व्होल्टचा एक ठोका तारेत सोडतं. तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. तार चावते आणि लगेच सोडते. गावाकडच्या घरातल्या लाईनचे व्होल्ट २३०च असतात, पण करंट थांबत नाही. स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात थेट घरची लाईन सोडल्यानं शेजारचा शेतकरी गेला, वाघ गेला, अशा बातम्या विदर्भात वाचल्या नाहीत असा माणूस सापडायचा नाही. दोन्ही तारा दिसायला सारख्याच.

अस्वलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. त्याच्या अंगावरच्या दाट केसांतून झटका नीट पोचत नाही. पण अस्वल नवी वस्तू आधी नाकानं तपासतं, मग जिभेनं. ओलं नाक आणि उघडी जीभ तारेला लागली की झटका पुरेपूर बसतो. म्हणजे हे कुंपण अस्वलाला ताकदीनं अडवत नाही. ते धावत आलं तर या काठ्या काडीसारख्या मोडतील. कुंपण चालतं ते त्याच्या हुंगण्याच्या सवयीवर.

अँकरेजहून विमानानं किंग सॅमन, आणि तिथून तळ्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं ब्रुक्स कॅम्प. अस्वलाचा स्प्रे प्रवासी विमानात नेता येत नाही. तो आम्ही किंग सॅमनला विकत घेतला आणि वैमानिकानं तो आमच्याजवळ न ठेवता विमानाच्या तरंगत्या पायातल्या कप्प्यात ठेवला. ब्रुक्सला उतरल्यावर सगळ्यांना आधी रेंजर बसवून घेतात आणि अस्वलांत कसं वागायचं ते शिकवतात. अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर, दूर राहायचं. पळायचं नाही. बोलत चालायचं. शिकवणी संपल्यावर छातीवर लावायला अस्वलाचं चित्र असलेली छोटी पिन देतात. मी ती अजून जपून ठेवली आहे.

तिथल्या कॅम्पग्राउंडला पार्कनंच विजेचं कुंपण घातलंय. आत साठ माणसांची सोय. पहिल्या दोन रात्री आम्ही तिथे काढल्या. त्या कुंपणाच्या आत आल्यावर मला जे हायसं वाटलं, त्यातून माझा एक गैरसमज झाला. मला वाटलं, तारेच्या आत सगळं सुरक्षित. मी चिवड्याची पिशवी उशाशी घेऊन बसले होते. मैत्रिणीनं ती माझ्यासमोरून उचलली आणि खाण्याच्या कोठारात नेऊन ठेवली. मग माझ्या सॅकमधून तिनं एकेक वस्तू बाहेर काढली: टूथपेस्ट, सनस्क्रीन, मेथकूट, हिंगाची डबी, ओठांना लावायचं मलम. वास असलेली कोणतीही वस्तू तंबूत नको. हे कुंपण अस्वलाला थोपवतं, पण अस्वल आत येणारच नाही अशी हमी देत नाही, हे रेंजरनंही सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आत येण्यासारखं काही नाही असं अस्वलाला वाटलं, तरच तार पुरी पडते.

तिसऱ्या दिवशी भाड्याच्या कयाक घेऊन नॅकनेक तळ्याच्या काठाकाठानं निघालो. ब्रुक्स धबधब्याच्या दीड मैलाच्या आत कॅम्पग्राउंडखेरीज कुठेही तंबू ठोकायला बंदी आहे. आम्ही त्याच्या बरेच पुढे जाऊन एका लहानशा आखातात उतरलो. काठावर एक सुंदर सपाट जागा होती. मी सॅक टाकणार, तोच मैत्रिणीनं खाली बोट दाखवलं. शेवाळात वाटीसारखे खळगे होते, डावा, उजवा, डावा, उजवा, एका ओळीत लांबवर गेलेले. वर्षानुवर्षं अस्वलं आधीच्या पावलांतच पाय ठेवत चालत आली होती. मी नेमकी त्यांच्या वहिवाटीवर उभी होते. आम्ही तिथून बरेच आत सरकलो.

तंबूंपासून शंभर यार्ड लांब स्वयंपाकाची जागा, आणि तिथून तेवढ्याच अंतरावर खाण्याचे अस्वलाला न उघडणारे डबे. मग कुंपण. तारेपासून तंबू मीटरभर आत, म्हणजे वाऱ्यानं कापड फडफडून तारेला लागू नये. कुंपण मी लावते असं मी म्हटलं आणि त्या दोघांनी लावू दिलं. सूर्य उतरला होता. मशीन टिकटिकायला लागलं. मीटर लावलं.

१,८००.

त्या आकड्याकडे पाहताना माझे हात गार पडले. परसात २,१०० दिसले होते तेव्हा मागे घराचं दार होतं. इथे मागे झुडपं होती आणि समोर ती वहिवाट. मी सेल बदलले. १,८००. गाठी तपासल्या. १,८००. मशीन उघडायचा विचार पुन्हा आलाच, आणि त्याच क्षणी बाबांचं बोलणं आठवलं. आधी अर्थिंग.

खुंटी हलवून पाहिली तर ती हातात आली. बोटांनी शेवाळ बाजूला केलं. खाली माती नव्हतीच; राखाडी, भुसभुशीत, हलक्या खड्यांचा थर होता. एक खडा उचलून तळ्यात टाकला तर तो तरंगला. मैत्रिणीनं सांगितलं, हा नोव्हारुप्टाचा प्युमिस. ६ जून १९१२ ला इथे ज्वालामुखी फुटला, विसाव्या शतकातला जगातला सगळ्यात मोठा उद्रेक. त्याच उद्रेकामुळे १९१८ साली हा मुलूख राखीव झाला. इतक्या वर्षांनंतरही ती राख शेवाळाखाली होती, आणि भोकाभोकांच्या त्या कोरड्या खड्यांतून माझा करंट परतीची वाट शोधत होता.

कुंपणाच्या एका कोपऱ्याजवळ सखल भाग होता, तिथे विलोची झुडपं दाटीनं उगवली होती. जिथे झुडूप दाट तिथे ओल, हे शेतात वाढलेल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. तिथे उकरलं तर काळी, चिकट, थंड माती लागली. खुंटी तिथे पूर्ण आत गेली, दगडानं ठोकली तेव्हा “ठस्” असा भरीव आवाज आला. वर दोन भांडी तळ्याचं पाणी ओतलं. मीटर लावताना मी श्वास धरून होते. ५,७००. नवऱ्यानं टाळी वाजवली. मला मात्र रडू आलं, कारण तेव्हा जाणवलं की मघाशी अंधार पडायला लागला असता तर मी १,८०० वरच “चालतंय” म्हणून आत जाऊन झोपले असते. टिकटिक तर तेव्हाही येत होती.

रात्री पाऊस आला. अकराच्या सुमारास जाग आली ती एका वेगळ्या आवाजानं. मशीनची टिकटिक हळू आणि बंदिस्त असते. हा बाहेरून येणारा, कोरडा, फटाकडीसारखा आवाज होता. चट्. चट्. चट्. डोक्याला दिवा लावला, स्प्रे हातात घेतला, मोठ्यानं बोलत बाहेर आले. पावसानं वाकलेलं एक उंच गवताचं पातं खालच्या तारेवर टेकलं होतं आणि दर ठोक्याला तिथे निळी ठिणगी उडत होती. मीटरवर २,९००. जनावरासाठी राखलेला करंट गवत पिऊन टाकत होतं. मशीन बंद केलं, गुडघ्यांवर बसून चारी बाजूंचं गवत चाकूनं कापलं, पुन्हा चालू केलं. ५,५००. बाबा दर आठवड्याला धुऱ्यावरचं तण का काढतात, आणि मी लहानपणी त्या कामाला का कंटाळायचे, दोन्ही गोष्टी त्या पावसात एकदम आठवल्या. परत आत आले आणि सकाळपर्यंत झोपले.

सकाळी पाऊस थांबला होता. ओल्या वाळूत पावलं उमटली होती. पावसानं त्यांच्या कडा झिजवल्या नव्हत्या, म्हणजे ती पहाटेची, पाऊस थांबल्यानंतरची. मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं. पुढच्या पंज्याच्या बोटांपासून चांगली बोटभर पुढे नखांची टोकं रुतलेली. पावलं त्या जुन्या वहिवाटीवरून आली होती, मध्येच फुटून आमच्याकडे वळली होती, सावकाश, जवळजवळ टाकलेली. तारेपासून हातभर अंतरावर दोन्ही पुढचे पंजे शेजारीशेजारी खोल दाबलेले होते. तिथे ते उभं राहिलं होतं. आणि त्याच जागी वाळू उखडलेली, ढेकळं मागे उडालेली. तिथून पुढची पावलं तळ्याकडे, प्रत्येक झेपेत माझ्या चार पावलांचं अंतर. काठी एकही वाकली नव्हती. मीटर ५,४०० दाखवत होतं.

नाक लावलं असणार. बाबा मला धुऱ्यावर डुकरांचे खूर दाखवायचे: तारेपर्यंत आलेले, मग आल्या वाटेनं उधळलेले. तोच मजकूर माझ्यासमोर वाळूत होता, फक्त लिहिणारं जनावर वेगळं. आम्ही तिघंही झोपेत होतो. आम्हाला काहीच कळलं नाही.

त्या पावलांपाशी मी बराच वेळ बसले. कुंपण माझ्यासाठी आहे असं मी तोवर धरून चालले होते. पण रात्री तारेऐवजी तंबूचं कापड त्याच्या नाकाला लागलं असतं, आत काही खायला मिळालं असतं, तर ते अस्वल पुढच्या प्रत्येक तंबूकडे गेलं असतं. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाचा शेवट बहुतेक वेळा बंदुकीनंच होतो. याच कॅटमायच्या किनाऱ्यावर, काफ्लिया बे इथे, ऑक्टोबर २००३ मध्ये टिमोथी ट्रेडवेल आणि एमी ह्यूगनार्ड अस्वलाच्या हल्ल्यात मारले गेले. ट्रेडवेलनं तेरा उन्हाळे अस्वलांत काढले होते, त्यांच्यावर त्याचा जीव होता. त्यांच्या तंबूभोवती कुंपण नव्हतं. नंतर तिथे पोचलेल्या पथकानं दोन अस्वलांना गोळ्या घातल्या. माणसं दोन, अस्वलं दोन. हा हिशेब मला आधीपासून माहीत होता, पण त्यातला दुसरा आकडा त्या सकाळपर्यंत मी मोजलाच नव्हता.

किंग सॅमनला परतल्यावर बाबांना फोन लावला. अर्थिंगचं सांगितलं, राखेचं सांगितलं, पावलांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “जनावर धड गेलं ना?”

“हो बाबा. पळत गेलं.”

“मंग झालं.”

अस्वलांच्या मुलखात तुम्ही कधी तंबू ठोकलात तर कुंपण जरूर न्या, पण निघण्याआधी घरी लावून बघा. आकडा चढला नाही तर मशीन उघडू नका, ओल शोधा. दर संध्याकाळी आणि पाऊस पडला की पुन्हा मीटर लावा. टिकटिकीवर विसंबू नका. अन्न तंबूजवळ ठेवू नका, कुंपण कितीही चांगलं असलं तरी. आणि गावाकडे शेताला तार ओढत असाल तर झटका मशीनच लावा, घरची लाईन त्या तारेत सोडू नका. तारेपाशी आलेलं जनावर, आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, दोघंही धड परत गेले पाहिजेत.